चीनसारखा कायदा? तो आपल्याकडं एका सहीवर अडला होता

परवा रात्री आपल्या खोऱ्यातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉरवर्ड आला. ‘चीनने करून दाखवलं, आपण कधी करणार? दोनच्या वर मूल झालं की सवलती बंद, नसबंदी सक्तीची.’ खाली पंचवीसेक अंगठे पडले. टाकणारा आमच्याच भावकीतला पोरगा. पुण्यात कंपनीत कामाला, शिकलेला, गावच्या कामाला कधी नाही न म्हणणारा. मी त्याला तिथंच उत्तर द्यायला घेतलं, पण ते लांबत गेलं. म्हणून इथं लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

पोराचा दोष नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही की असा कायदा याच महाराष्ट्रात एकदा मंजूर झालेला आहे. विधानसभेत आणि विधान परिषदेत, दोन्हीकडं. साल १९७६. राष्ट्रपतींची सही तेवढी राहिली. ती झाली असती, तर ‘चीनसारखं करा’ म्हणायची वेळच आली नसती. चीनचं एक मूल धोरण आलं त्याच्या चार वर्षं आधी आपण तिथं पोचलो असतो.

आधी तो कायदा काय होता ते बघू.

१९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी लागली. १६ एप्रिल १९७६ ला केंद्राचे आरोग्यमंत्री डॉ. करण सिंह यांनी राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केलं. त्यात लग्नाचं वय मुलींना १८ आणि मुलांना २१ करायचं ठरलं. लोकसभेच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवायचं ठरलं. नसबंदीचे पैसे वाढवले: दोन मुलांवर केली तर १५० रुपये, तीनवर १००, चार किंवा जास्त असतील तर ७०. आणि सक्तीबद्दल असं म्हटलं की केंद्र स्वतः देशभर तसा कायदा करणार नाही, पण एखाद्या राज्याला आपली तयारी झाली असं वाटत असेल, तर त्यानं करावा.

महाराष्ट्राला तसं वाटत होतं. मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण होते. कुटुंबाच्या आकारावर मर्यादा घालणारं विधेयक आणलं गेलं, आणि सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. मुद्दे सरळ होते. तीन जिवंत मुलं असतील तर नसबंदी करून घेणं बंधनकारक. पुरुषाचं वय ५५ च्या आत आणि बाईचं ४५ च्या आत असेल तर. मुदत १८० दिवस. नाही केली तर तुरुंगवास, दोन वर्षांपर्यंत. एक सूट होती. तिन्ही मुलगे किंवा तिन्ही मुली असतील तर चौथ्याला परवानगी. म्हणजे लोक कशासाठी थांबतात, हे कायदा लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

विधेयक राष्ट्रपतींकडं गेलं. केंद्रानं त्यात दुरुस्त्या सुचवल्या. तेवढ्यात जानेवारी १९७७ मध्ये निवडणुका जाहीर झाल्या, मार्चमध्ये इंदिराबाईंचं सरकार पडलं, आणि ते विधेयक कागदातच राहिलं. आपण वाचलो असं म्हणू नका. कायदा आला नाही, पण काम कायद्याशिवायच झालं.

आकडे बघा. १९७६-७७ साली देशाचं नसबंदीचं टार्गेट साडेबेचाळीस लाखांच्या आसपास होतं. झाल्या एक्क्याऐंशी लाखांवर. महाराष्ट्रानंही टार्गेट ओलांडलं, आपल्या एका राज्यात आठ लाखांच्या पुढं शस्त्रक्रिया झाल्या. पुढं न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या आयोगानं चौकशी केली. त्यांच्या अहवालात नसबंदीशी संबंधित १,७७४ मृत्यूंची आणि लग्न न झालेल्या माणसांच्या नसबंदीच्या ५४८ तक्रारींची नोंद आहे. हरियाणातलं उटावर गाव, दिल्लीचं तुर्कमान गेट, ही नावं तुम्ही ऐकली असतील. पण लांब जायला नको. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला जानेवारी १९७६ मध्ये, कामासाठी शहरात आलेल्या शेतकऱ्यांना ट्रकमध्ये घालून शस्त्रक्रियेला नेल्याच्या तक्रारी झाल्या.

आता आपल्याकडचं.

मोठी माणसं सांगतात, त्या साली खालच्या वळणावर सरकारी जीप दिसली की बापयी माणसं रानात जायची. कुणी रात्री डोंगराला गुरांच्या वाड्यावर झोपायचं. कुणी केळदवरून मढे घाट उतरून खाली महाडच्या बाजूला पाहुण्यांकडं जाऊन राहायचं. भीती नुसती ऑपरेशनची नव्हती. ‘नस कापली की ओझं उचलवत नाही’ असं सगळीकडं पसरलेलं. हे खरं नाही, डॉक्टर तेव्हाही सांगत होते. पण ज्याचं पोट मुंबईत पाठीवर गोणी वाहून भरतं, त्याला ते कसं पटावं? आणि सांगणारा कोण, तर ज्याच्या डोक्यावर टार्गेट आहे तो.

माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, ते मात्र कुठं पळाले नाहीत. त्यांना कुणी पकडलंही नाही. त्यांची गोष्ट त्यांनी मला मी कॉलेजात असताना सांगितली. तिच्यासाठीच ही पोस्ट आहे, खरं तर.

भाताची झोडणी उरकली होती. शेजारच्या गावच्या शाळेतले गुरुजी संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले. गुरुजी भला माणूस. तात्यांच्या पोरांना त्यांनी अक्षर लावलेलं. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, सगळ्यांना तेव्हा ‘केसेस’ आणायला लावलं होतं. गुरुजींच्या दोन केस कमी पडत होत्या आणि पगार अडकलेला. घरात आजारी आई. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाले, “तात्या, तुम्हाला तीन पोरं आहेत. मी जबरदस्ती करत नाही. पण माझं एवढं काम झालं तर बघा.”

तात्या दुसऱ्या दिवशी शिबिराला गेले. तिथल्या कागदावर लिहिलेलं होतं, स्वखुशीने. त्यांनी अंगठा दिला. पैसे मिळाले, गुरुजींचा पगार सुटला. त्यानंतर तात्या मुंबईला ओझ्याच्या कामाला परत गेले नाहीत. शरीर ठीक होतं, मनातनं भीती गेली नाही. घरचा खर्च चुलतीच्या मजुरीवर चालला. मी तात्यांना विचारलं, गुरुजींचा राग नाही येत? तर म्हणाले, “त्याचा काय दोष? त्याच्या मागंबी कोणतरी होतंच की.”

चुलतीचं म्हणणं वेगळं होतं. ती म्हणायची, “मला कुणी इचारलंच नाय. ना ह्यांनी, ना मास्तरनं, ना सरकारनं.”

आता तुम्हीच सांगा, ही सक्ती होती का? कागद म्हणतो नव्हती. तात्याही छातीठोकपणे ‘होती’ म्हणाले नसते. हा प्रश्न डोक्यात ठेवा आणि माझ्याबरोबर जरा लांब चला. कारण नेमक्या याच प्रश्नावर अमेरिकेतल्या न्यायाधीशांनी वीस-पंचवीस वर्षं डोकं फोडलंय, आणि समोर उभी माणसं चीनची होती. फॉरवर्डमध्ये ज्याचं कौतुक आहे, त्याच चीनची.

चीनमध्ये २५ सप्टेंबर १९८० ला कम्युनिस्ट पक्षानं आपल्या सभासदांना जाहीर पत्र लिहिलं: एकाच मुलावर थांबा. हळूहळू तो देशाचा नियम झाला. खेड्यांत काही सवलती होत्या, पण अंमल वरून आलेल्या आकड्यांवर चालायचा. १९८३ साली तिथं मोठी मोहीम झाली. एक मूल असेल तर बाईला तांबी, दोन असतील तर नवरा-बायकोपैकी एकाची नसबंदी, परवानगी नसलेला गर्भ असेल तर तो पाडायचा. त्या एका वर्षात दोन कोटींहून जास्त नसबंद्या झाल्या, आणि त्यातल्या बहुतेक बायकांच्या. ज्यांनी ऐकलं नाही त्यांना दंड, नोकरीवर गदा, कुठं कुठं घराची मोडतोड. जास्तीच्या पोराची नोंद करायची तर आधी दंड भरा. त्यामुळं कितीतरी पोरं कागदावर जन्मलीच नाहीत. २०१० च्या जनगणनेत नोंद नसलेली माणसं सुमारे १ कोटी ३० लाख निघाली. नोंद नाही म्हणजे शाळा नाही, दवाखाना नाही, रेल्वेचं तिकीटसुद्धा नाही.

ज्यांना शक्य झालं ते पळाले. विशेषतः फुजियान या किनाऱ्यावरच्या प्रांतातून. माणसं चोरून नेणारे दलाल होते, माणशी तीस हजार डॉलरच्या आसपास घ्यायचे. ६ जून १९९३ च्या पहाटे ‘गोल्डन व्हेंचर’ नावाचं जहाज न्यूयॉर्कच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतलं. आत २८६ माणसं. अंधारात, थंड पाण्यात त्यांनी उड्या मारल्या. दहा जण मेले. वाचलेल्यांतल्या अनेकांनी सांगितलं, आम्हाला परत पाठवू नका, आम्हाला आश्रय द्या. कारण काय? आमच्या सरकारनं आमच्या मुलांवर मर्यादा घातलीय, परत गेलो तर नसबंदी करतील.

इथं आश्रयाचा नियम समजून घ्यायला हवा. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यामुळं ज्याचा छळ होईल, त्याला दुसरा देश निर्वासित म्हणून आश्रय देऊ शकतो. नुसती गरिबी चालत नाही. नुसता कडक कायदाही चालत नाही. १९८९ साली अमेरिकेच्या इमिग्रेशन अपील मंडळानं चँग नावाच्या माणसाच्या प्रकरणात हेच म्हटलं: एक मुलाचा नियम सगळ्या चिनी लोकांना लागू आहे, तुमच्या मतासाठी तुम्हाला वेगळं काढून छळलेलं नाही, मग हा छळ कसा? सगळ्यांनाच त्रास असेल तर तो त्रास धरायचा नाही. आपल्याकडचा साहेबसुद्धा असंच बोलतो की, “तुमच्या एकट्याचं नाही, सगळ्यांचंच असं आहे.”

१९९६ साली अमेरिकेच्या संसदेनं निर्वासिताची व्याख्याच बदलली. ज्याच्यावर गर्भपाताची किंवा नसबंदीची जबरदस्ती झाली, किंवा विरोध केला म्हणून ज्याला त्रास झाला, तो राजकीय मतामुळं छळलेला समजायचा. यात नुसती माणुसकी होती असं नाही. गर्भपाताच्या विरोधातलं तिथलं राजकारण आणि चीनवरचा राग, दोन्ही होतं. आकडाही घातला: अशा कारणानं वर्षाला फक्त एक हजार. ती मर्यादा २००५ साली उठली. गोल्डन व्हेंचरच्या माणसांपैकी पन्नासेक जण पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावच्या तुरुंगात जवळपास चार वर्षं होते. तिथं ते कागदाच्या घड्या घालून पक्षी, जहाजं बनवत बसायचे. फेब्रुवारी १९९७ मध्ये क्लिंटन यांनी त्यांना सोडलं.

पण कायदा झाला म्हणून प्रश्न सुटला नाही. जबरदस्ती कशाला म्हणायचं? बायकोचा गर्भ जबरदस्तीनं पाडला तर नवऱ्यावर छळ झाला का? आधी म्हणाले, हो. मग २००८ मध्ये तिथल्या ॲटर्नी जनरलनं ठरवलं, आपोआप नाही, नवऱ्यानं स्वतःवर काय गुदरलं ते दाखवावं. कुणी बांधून नेलं नाही, पण नोकरी घालवायची धमकी दिली, तर? २००७ च्या एका निवाड्यात अपील मंडळ म्हणालं: हात लावलाच पाहिजे असं नाही, पण धमकी खरी वाटण्यासारखी हवी, आणि ती अमलात आली तर होणारं नुकसान छळ म्हणण्याइतकं मोठं हवं.

हे वाचलं तेव्हा मला तात्या आठवले. तात्यांना धमकी कुणी दिली होती? कुणीच नाही. धमकी गुरुजींना होती, तीही पगाराची. गुरुजींच्या साहेबाला त्याच्या साहेबाची. सगळ्यात शेवटी ओट्यावर बसलेला माणूस, ज्याला कुणी काहीच केलं नाही, फक्त विनंती केली. जगातल्या कुठल्याही कोर्टात तात्यांची केस उभी राहिली नसती. आणि तरी मी ठामपणे सांगतो, टार्गेट नसतं तर तात्या त्या शिबिराला गेले नसते.

शरीराचा आकडा केला की आणखी एक होतं. कागद खोटं बोलायला लागतो. आणीबाणीत टार्गेट भरायला म्हातारे, अविवाहित, सगळे ‘केस’ झाले. उलट टोकाला, न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये काही वकील आणि दुभाषे खोट्या छळकथा लिहून द्यायला लागले. डिसेंबर २०१२ मध्ये तिथं छापे पडले, सव्वीस जणांवर आरोप ठेवले गेले. खऱ्या छळलेल्या बाईचं खरं बोलणंही मग संशयानं ऐकलं जायला लागलं.

आणि आता एक गोष्ट, जी मला स्वतःला पहिल्यांदा वाचून खरी वाटली नव्हती. संयुक्त राष्ट्रांनी लोकसंख्येच्या कामासाठी पुरस्कार सुरू केला. पहिला पुरस्कार १९८३ चा. तो दोघांना विभागून दिला. एक चीनचे कुटुंबनियोजन मंत्री छियान शिनचोंग, ज्यांच्या काळात ती दोन कोटींची मोहीम झाली. आणि दुसऱ्या आपल्या पंतप्रधान इंदिरा गांधी. तेव्हा ‘चीनने केलं, आपण कधी’ हा प्रश्न जगानं चाळीस वर्षांपूर्वीच निकालात काढलाय. एकाच व्यासपीठावर सत्कार झालाय दोघांचा.

फरक होता तो एकच. १९७७ मध्ये आपल्या हातात मत होतं. खोऱ्यातल्या माणसाला फुजियानसारखा समुद्र नव्हता, दलालाला द्यायला डॉलर नव्हते. त्याचा आश्रय म्हणजे डोंगर, घाटाखालचे पाहुणे आणि मतपेटी. काँग्रेस देशात हरली, त्याला कारणं बरीच, पण उत्तरेत तरी नसबंदी हे मोठं कारण होतं यावर बहुतेकांचं एकमत आहे. पुढच्याच वर्षी देशातल्या नसबंद्या एक्क्याऐंशी लाखांवरून साडेनऊ लाखांच्या आसपास आल्या.

त्यानंतर काय झालं, हे आपण फारसं बोलत नाही. १९७६-७७ च्या शस्त्रक्रियांमध्ये चारातल्या तीन पुरुषांच्या होत्या. पुरुष रागावले, सरकारं पडतात हे पुढाऱ्यांना कळलं, आणि सगळा भार गुपचूप बायकांवर सरकवला गेला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांत बाईची नसबंदी ३७.९ टक्के, पुरुषाची ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, बिनटाक्याची, कमी धोक्याची, तरी. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळच्या शिबिरांत शस्त्रक्रिया झालेल्या तेरा बायका गेल्या. त्याआधी २०१२ मध्ये बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत दोन तासांत ५३ बायकांची ऑपरेशनं उरकली होती. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देविका बिस्वास यांच्या याचिकेवर सांगितलं, ही शिबिरं तीन वर्षांत बंद करा. ‘मला कुणी इचारलंच नाय’ हे चुलतीचं वाक्य मला तेव्हा परत ऐकू आलं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं जुनं झालं. नाही झालं. आपल्या महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या कायद्यात दोन मुलांची अट आहेच. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं की सदस्य, सरपंच होता येत नाही. २००५ च्या नियमांनी सरकारी नोकरीलाही लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र जोडलं. जुलै २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हरियाणाचा असाच पंचायत कायदा वैध ठरवला. २०१८ मध्ये ओडिशातल्या एका सरपंचाच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं, तिसरं मूल दत्तक देऊन टाकलं तरी अपात्रता जात नाही. म्हणजे पद वाचवायला पोर देऊन टाकायची वेळ माणसांवर आली होती.

यात मला खटकतं ते हे. महाराष्ट्रात पंचायतीत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. चांगलं झालं. पण तिसरं मूल व्हावं की नाही, हे आपल्याकडच्या किती घरांत बाई ठरवते? सासूला नातू हवा असतो, नवऱ्याला हवा असतो, आणि अर्ज बाद होतो तो तिचा. शिवाय ही अट आमदाराला नाही, खासदारालाही नाही. पासलीच्या बाईला आहे. निर्मला बुच यांनी पाच राज्यांत या अटीचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना पद वाचवण्यासाठी बायको सोडलेली, मूल लपवलेली, गर्भ पाडलेला, अशी उदाहरणं सापडली. ‘तिसरं पोर भावाच्या रेशनकार्डावर’ ही गोष्ट आपणही कुठं ना कुठं ऐकलेलीच आहे. चीनच्या त्या बिननोंदीच्या पोरांसारखीच. कागद इथंही खोटं बोलायला शिकला.

मुलींचं प्रमाणही बघा. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. हे एकट्या दोन मुलांच्या अटीमुळं झालं असं मी म्हणणार नाही. सोनोग्राफी आली, हुंडा होताच. पण दोनच मुलं आणि त्यात मुलगा हवाच, असं गणित घातलं की उत्तर कुणाच्या जिवावर निघतं, हे १९७६ च्या विधेयकात ‘तिन्ही मुली असतील तर चौथ्याला परवानगी’ लिहिणाऱ्यालाही कळत होतं.

मग लोकसंख्या वाढू द्यायची का? नाही. एका गुंठ्याच्या चार वाटण्या होताना मीही पाहिल्यात. पण सक्तीशिवाय ती थांबते, याचा पुरावा डोळ्यासमोर आहे. केरळनं ऐंशीच्या दशकाच्या शेवटीच दोन मुलांचं प्रमाण गाठलं, ते मुलींच्या शाळा आणि दवाखाने यांच्या जोरावर. महाराष्ट्राचा जननदर २०१९-२१ च्या पाहणीत १.७ आहे. म्हणजे सरासरी बाईला दोन मुलंसुद्धा नाहीत. खुद्द चीनचा जननदर १९७० साली ५.८ च्या आसपास होता, तो १९७९ पर्यंत २.७ च्या आसपास उतरला. एक मुलाच्या धोरणाच्या आधीच. तेव्हाही दबाव होता, पण सगळ्यात मोठी घसरण झाली ती लग्न उशिरा, दोन मुलांत अंतर आणि गावोगाव दवाखाने यातून. आज तोच चीन मुलं व्हावीत म्हणून लोकांच्या मागं लागलाय. २०१६ पासून दोन, २०२१ पासून तीन मुलांना परवानगी दिली, तरी २०२२ पासून तिथली लोकसंख्या घटायला लागली. आपल्याकडं आंध्र प्रदेशानं २०२४ मध्ये पंचायतीतली दोन मुलांची अट काढून टाकली.

आणि पोरा, तुला अभिमानच वाटून घ्यायचा असेल तर चीनपर्यंत जायची गरज नाही. मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं. विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी त्यापायी गेली. १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. १० नोव्हेंबर १९३८ ला आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीनं पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत ठराव मांडला, की सरकारनं संततिनियमनाची साधनं आणि माहिती लोकांना द्यावी. ठराव फेटाळला गेला. या लोकांना लोकसंख्येची काळजी कमी नव्हती. पण ते साधन माणसाच्या, आणि मुख्य म्हणजे बाईच्या हातात देत होते. ‘मूल कधी आणि किती’ हे तिनं ठरवावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. तेव्हा सरकारला तेही नको होतं. चाळीस वर्षांनी त्याच राज्याचं सरकार सुरी घेऊन आलं. मधली पायरी, म्हणजे विचारणं, राहूनच गेली.

तात्या जाऊन बरीच वर्षं झाली, गुरुजीही गेले. शेवटपर्यंत दोघांचं येणं-जाणं होतं. गुरुजी दर दिवाळीला चुलतीला लुगडं घेऊन यायचे आणि ओट्यावरच बसायचे, घरात यायचे नाहीत. का येत नाहीत, हे मला लहानपणी कळायचं नाही.

त्या साली तुमच्या घरात काय झालं, हे आजोबा-आजी असतील तर विचारा. केस आणणारा कोण होता आणि केस झालेला कोण, दोन्ही विचारा. बऱ्याचदा दोघंही आपलेच निघतील. ते ऐकून झालं की मग तो फॉरवर्ड पुढं पाठवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझी काही सक्ती नाही.